दाराची कोणती बाजू? : चित्रपुस्तक आणि वाईट दिवस

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत वाईट दिवसांना किती जागा असावी, हा प्रश्न मराठीत बहुधा पालकांच्या आणि शिक्षकांच्या काळजीचा विषय म्हणून मांडला जातो. वाङ्मयीन प्रश्न म्हणून त्याची चर्चा क्वचितच होते. मुलांना इतक्या लवकर दुःख कशाला दाखवायचे, असे एक पक्ष म्हणतो. जग जसे आहे तसे त्यांना कळू द्यावे, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांच्या लेखी पुस्तक हे एक भांडे असते आणि त्यात काय ओतावे एवढ्यापुरताच त्यांचा मतभेद असतो. भांडे कसे घडवले आहे याची चौकशी दोघेही करीत नाहीत. वस्तुतः चित्रपुस्तक हा शब्द आणि चित्र या दोन संहितांच्या परस्परताणातून सिद्ध होणारा रूपबंध आहे. वाईट दिवस त्यात 'असतो' म्हणजे नेमका कोठे असतो, शब्दांत, चित्रात की एक पान संपून दुसरे उघडण्याच्या मधल्या क्षणात, हे पाहिल्यावाचून तो असावा की नसावा याचा निर्णय करणे व्यर्थ आहे.

मुळात 'वाईट दिवस' हा शब्दप्रयोगच तपासून घ्यावा लागतो. मराठीत दिवस वाईट 'येतात', दिवस 'फिरतात', दिवस 'काढावे' लागतात. आपत्तीचा दिवस मराठीत स्वभावतः अनेकवचनी आहे. एकवचनी वाईट दिवसासाठी भाषेने जी सोय केली आहे, ती म्हणजे सकाळी कोणाचे तोंड पाहिले होते असे विचारणे. येथे दिवसाचे वाईटपण दिवसात नसते, ते दुसऱ्याच्या तोंडावर असते. आणि हे तोंड कोणाचे असावे याविषयी, विधवेचे, वांझ म्हणवल्या गेलेल्या स्त्रीचे, गावकुसाबाहेरच्या माणसाचे, समाजाने काय ठरवून ठेवले होते ते सांगायला नको. म्हणजे मराठीत वाईट दिवस एक तर काळावर सोपवला जातो किंवा शेजाऱ्यावर. ज्याचा दिवस वाईट गेला त्या लहान जीवाच्या मालकीचा तो क्वचितच असतो.

पाश्चात्त्य चित्रपुस्तकाने ही मालकी मुलाला दिली. ज्युडिथ व्हायोर्स्ट यांनी लिहिलेले आणि रे क्रूझ यांनी चित्रित केलेले, अलेक्झांडर नावाच्या मुलाच्या एका भयंकर दिवसाचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले. केसांत च्युइंगगम चिकटतो, दंतवैद्याला एकाच्याच दातात कीड सापडते, हवे तसे रेघांचे बूट दुकानात मिळत नाहीत, आणि शेवटी आई एवढेच सांगते की काही दिवस असेच असतात. कोणताही उपाय नाही, कोणताही बोध नाही. हे पुस्तक इतके टिकले ते या नकारामुळे. तरीही त्याच्या एकवचनाची किंमत ओळखून असावे. दिवस 'एक' म्हणून मोजता येतो, कारण उद्याचा दिवस वेगळा असेल याची हमी घराच्या भिंतींनी, दंतवैद्याने आणि बुटांच्या दुकानाने आधीच दिलेली असते. ज्या मुलाच्या उद्याला अशी हमी नाही, त्याच्यापुरते हे व्याकरण बदलते.

एकवचन आणि अनेकवचन यांतले हे अंतर पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याइतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल. तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे. तेथल्या संगणक-उद्योगाच्या आणि गृहसंकुलांच्या जगात अलेक्झांडरचा दिवस सहज कळतो. पश्चिमेला ताम्हिणीकडे जाताना जे विस्तीर्ण पाणी लागते, त्याच्या तळाशी मुळा आणि नीला यांच्या खोऱ्यातली शेते आणि वस्त्या आहेत. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे त्याच्या उभारणीत होते. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यात मिळाले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. बावन्न गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे यांचा हा प्रश्न होता. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांची मालकी होती आणि मोबदल्याची भाषा त्यांना कुळांपेक्षा फार लवकर कळली, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुढच्या शतकात याच तालुक्याचे नाव 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाने पुन्हा सर्वतोमुखी केले. त्याचाही विषय विकली गेलेली जमीन हाच आहे. मुळशीच्या पश्चिमेकडचा वाईट दिवस कोणत्या तारखेला सुरू झाला हे सांगता येते. तो कधी संपला हे सांगता येत नाही.

अशा मुलासाठी चित्रपुस्तकाने काय करावे? याचे उत्तर शोधताना परदेशी नमुन्यांकडे जाण्यापूर्वी मराठी मुलाच्या कानावर बहुधा सर्वांत आधी पडणाऱ्या गोष्टीकडे वळणे इष्ट. ती गोष्ट एका वाईट दिवसाचीच आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, आणि तो चिमणीच्या दारावर येऊन थांबतो. चिमणी दार उघडत नाही. तिच्या बाळाचे काही ना काही चाललेले असते: आधी न्हाणे, मग पुसणे, मग काजळ, मग झोप. पुढे काय होते ते सांगणाऱ्यागणिक बदलते. कोठे दार उघडते आणि कावळा चुलीपाशी भाजतो, कोठे तो निघून जातो, कोठे दारापाशीच गोष्ट संपते. पण मधला भाग कोणी गाळत नाही. गोष्टीचा सगळा आनंद त्या वाट पाहायला लावण्यात आहे. 'मुलांच्या कथेने दुःखावर रेंगाळू नये' असे म्हणणारे आजी-आजोबाच ही गोष्ट रोज रात्री, एकेक विलंब चवीने लांबवत, सांगत आले आहेत.

मग ही गोष्ट मुलांना दुःखाची का वाटत नाही? कारण सांगणारा दाराच्या आतल्या बाजूला बसलेला असतो आणि ऐकणारे मूलही. न्हाऊमाखू घातलेले, काजळ लावलेले बाळ म्हणजे मांडीवरचे ते मूलच. बाहेरचा पाऊस आतल्या उबेची खात्री पटवण्यापुरता आहे. कथनाचे दृष्टिकेंद्र हा शब्द मराठी समीक्षेने कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ वापरला. त्याचे पहिले उदाहरण अंगाईच्या वयातच हाताशी होते. वाईट दिवसाविषयीचा खरा प्रश्न त्यातून स्पष्ट होतो. वाईट दिवसावर रेंगाळावे की नाही, हा तो प्रश्न नाही. रेंगाळताना उभे कोठे राहावे, हा आहे.

ही गोष्ट चित्रपुस्तकात आणणाऱ्या चित्रकारापुढे हा प्रश्न टाळता न येण्याजोगा होऊन येतो. सांगणाऱ्याला बाहेरच्या कावळ्याचे केवळ एक आर्जव ऐकवून भागते. चित्रकाराला मात्र दार काढावे लागते, आणि दार काढले की ते कोणत्या तरी एका बाजूने काढावे लागते. आतून काढले तर कावळा दिसत नाही. तो केवळ आवाज उरतो. बाहेरून काढले तर चिमणीची सारी लगबग शब्दांत राहते आणि चित्रात पान-पानभर भिजणारा कावळा. शब्द आत आणि चित्र बाहेर, अशी विभागणी केली की तीच संहिता, एक अक्षरही न बदलता, करुण होते. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन्ही बाजू एकदम दाखवणे हा सोपा मार्ग. त्यात मधली शिवण हीच भिंत होते. परंतु तो मार्ग मुलाला कोणत्याच बाजूला उभे करीत नाही.

शेण आणि मेण यांच्या यमकाखाली आणखी एक गोष्ट झाकली गेली आहे. मेणाचे घर महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात नाही. शेणाने सारवलेली जमीन आणि कुडाच्या भिंती यांची घरे मात्र मावळात पिढ्यान्‌पिढ्या होती. म्हणजे खोऱ्यातले मूल ज्या घरात बसून ही गोष्ट ऐकत होते, ते पदार्थाच्या दृष्टीने कावळ्याचे घर होते. आणि गोष्ट मात्र त्याला चिमणीच्या घरात बसवून कावळ्याला हसायला शिकवत होती. ज्या खोऱ्यातली घरे प्रत्यक्षच पाण्याखाली गेली, तेथे हे हसू कसे लागत असेल याचा विचार बालसाहित्याच्या अभ्यासकाने करावा असा आहे.

लिखित बालसाहित्याने वाईट दिवस टाळला, असे म्हणता येत नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' हे जवळजवळ वाईट दिवसांचेच पुस्तक आहे: दारिद्र्य, अपमान, कर्ज, जप्ती, मृत्यू. ते चित्रपुस्तक नव्हे, पण मराठीत मुलांना दुःख कसे सांगावे याचा नमुना त्याने घालून दिला, म्हणून त्याचा विचार येथे अपरिहार्य आहे. त्याची रचना रात्रींची आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. दिवस वाईट होता. रात्र मात्र शांत, कृतज्ञ, सुसंस्कारित आहे. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, त्या मुलाची भीती आपल्याला त्या वेळच्या मुलाकडून कळत नाही. ती निष्फळ नव्हती हे ज्याला ठाऊक झाले आहे अशा प्रौढाकडून कळते. फळ हाती आलेला दिवसच सांगण्याजोगा, असा हा दंडक आहे. साने गुरुजींच्या हाती त्याला प्रामाणिकपणाचे तेज आहे. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती त्याचे काय झाले ते शालेय पाठ्यपुस्तके चाळणाऱ्यास ठाऊक असते.

हा दंडक मोडण्याचे श्रेय मराठी चित्रपुस्तकात मुख्यतः माधुरी पुरंदरे यांच्याकडे जाते. 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांत लिहिणारा आणि चित्रे काढणारा हात एकच असल्याने शब्दांनी सांगितलेले चित्राने पुन्हा सांगण्याची गरज पडत नाही. घरातली माणसे, त्यांचे स्वभाव, रोजच्या दिवसाची बारीक कुरबुर यांना तेथे बोधाचा भार वाहावा लागत नाही. मूल रुसते ते रुसण्यासाठीच. मात्र ही मालमत्ता बहुशः शहरी मध्यमवर्गीय घराची आहे, आणि अनेकवचनी वाईट दिवसांना तिच्यात दार नाही. हा दोष लेखिकेचा नव्हे. एका व्यक्तीने एवढे केल्यावर उरलेले कोणी केले नाही, ही तक्रार इतरांविषयी आहे. दरम्यान भाषांतरित पुस्तकांतून राग, भीती, दुःख यांची नावे शिकवणारी 'भावनांची' पुस्तके मराठीत येऊ लागली आहेत. फळाचा दंडक त्यांनी मोडलेला नाही. पूर्वी वाईट दिवसाचे फळ सद्गुण हे होते, आता ते मनःस्वास्थ्य आहे, एवढाच फरक.

चित्रांतून वाईट दिवस पाहण्याचा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही, आणि तो सर्वांत सूक्ष्मपणे ज्याने मांडला त्या भवभूतीकडे बालसाहित्याच्या चर्चेत कोणी वळत नाही, हे आश्चर्य आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात जनक परत गेल्याने सीता उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला चित्रे दाखवायला नेतो, आणि ती चित्रे आहेत त्यांच्याच वनवासाची. रामाचा पहिला प्रश्न असा की चित्रे कुठपर्यंत काढली आहेत? अग्निशुद्धीपर्यंत, असे कळताच तो व्याकूळ होतो. मुलासाठी पुस्तक निवडणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा हाच पहिला प्रश्न असतो. पुढे मंथरेचे चित्र येते तेव्हा राम घाईने दुसरीकडे बोट दाखवतो. आजच्या भाषेत तो पान उलटतो. शूर्पणखेला पाहून सीता दचकते, तेव्हा हे चित्रच आहे अशी आठवण तो तिला करून देतो. पण जनस्थानाच्या चित्रांपाशी रडू कोसळते ते रामाला, आणि पुरे करा असे म्हणतो तोही राम. सीतेला काय वाटते? ती शेवटी म्हणते की त्या वनांत पुन्हा एकदा हिंडावेसे वाटते. जिचे दुःख होते तिला चित्रांनी त्या दुःखाच्या प्रदेशाची ओढ लावली. ज्याने तिला जपायचे ठरवले होते, त्यालाच ती चित्रे सोसवली नाहीत. आणि त्याच अंकात तिची ओढ हीच तिच्या त्यागाची सोय होते. रसचर्चेत करुणाच्या आस्वाद्यतेविषयी साधारणीकरणाचा सिद्धान्त सांगितला जातो. येथे भवभूतीने त्याच्याही अलीकडचा प्रश्न विचारला आहे: चित्र दाखवणारा कोणाच्या अश्रूंना भितो?

पान कोण उलटते याला म्हणूनच महत्त्व आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी ही महाराष्ट्राची खास चित्रकथनाची परंपरा. त्यांच्या पोथीतली चित्रे सुटी असतात. गाणारा एकेक उचलून श्रोत्यांपुढे धरतो, आणि किती वेळ धरायचे ते त्याच्या गाण्यावर ठरते. रेंगाळण्याची सत्ता सांगणाऱ्याकडे असते. बांधलेल्या पुस्तकात ही सत्ता मुलाच्या बोटांत येते. आई पुढचे वाचू लागली तरी मूल मागचे पान धरून ठेवते. नको असलेले पान दोन पाने एकदम उलटून ओलांडते. वाईट दिवसावर पुस्तकाने रेंगाळावे की नाही, या वादात दोन्ही पक्ष हे विसरतात. पुस्तक रेंगाळण्यास जागा देऊ शकते; रेंगाळणारे मूल असते. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध पुस्तकात मॅक्सचा राग वाढतो तसतशी चित्रे पानभर पसरत जातात आणि ऐन मध्यावर शब्द नाहीसे होतात. तेथे किती थांबायचे हे कोणतेच वाक्य ठरवीत नाही. परतल्यावर जेवण गरम असते, ही सेंडाक यांची तडजोड. मायकेल रोझेन यांनी मुलाच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या आणि क्वेंटिन ब्लेक यांनी चित्रित केलेल्या २००४ च्या पुस्तकात ही तडजोडही नाही. पहिल्याच चित्रात माणूस हसतो आहे आणि शब्द सांगतात की हे हसू खरे नाही. शेवटी मेणबत्तीपुढे बसलेला माणूस उरतो, शब्दाविना. दुःख येथे शब्द आणि चित्र यांच्यातल्या विसंवादात राहते. म्हणून लहान वाचकाला ते शिकवावे लागत नाही, शोधता येते.

या साधनांसह मुळशीकडे परत यावे. आज प्रचलित असलेल्या पद्धतीने मुळशीची चित्रकथा झालीच, तर ती सेनापती बापटांच्या चरित्राची होईल: निर्धार, घोषणा, अटक, तुरुंग. ते चरित्र सांगण्यासारखे आहे यात शंका नाही. पण त्या पुस्तकात मूल पुन्हा एकदा गर्दीत झेंडा धरून उभे राहील, आणि पराभवाला हौतात्म्याचे फळ लावून शेवटचे पान मिटवले जाईल. धरण भरणे ही घटना मात्र घोषणेच्या वेगाने घडत नाही. पाणी चढत जाते. चित्रपुस्तकाजवळ यासाठी एक साधे आणि जुने तंत्र आहे: एकच चौकट पानामागून पान तशीच ठेवायची आणि तिच्यात एकच गोष्ट बदलायची. तोच उंबरा, तेच तुळशीवृंदावन, तेच आंब्याचे झाड. प्रत्येक पानावर पाण्याची रेघ थोडी वर. शब्दांनी या वेळी मुलाच्या दिवसाविषयी बोलावे: हरवलेली गोटी, भावाशी भांडण, न मिळालेला खाऊ. एकवचनी दिवस शब्दांत आणि अनेकवचनी दिवस चित्रात, असा हा ताण होईल; आणि मुलाचा राग गोटीसाठीच राहील, इतिहासाने तो त्याच्याकडून काढून घेतलेला नसेल.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. शंभर वर्षांपूर्वीचे दुःख आजच्या सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर का ठेवावे? विस्थापितांच्या नातवंडांना आयता शोक वारशाने देणे हाही त्यांच्या बालपणावरचा एक हक्कच नाही का? आक्षेप खरा आहे, आणि दलित व आदिवासी आत्मकथनांचे पाठ शाळेत कसे शिकवले जातात हे पाहिले की तो अधिकच खरा वाटतो. वेदना तेथे प्रश्नोत्तरांचा विषय होते. परंतु आक्षेप ज्या मुलाला वाचवू पाहतो, त्याच्यासाठी हे पाणी गोष्टीतले नाही. ते रोज त्याच्या काठाने शाळेत जाते. आजी हात करून कोणते गाव कोठे होते ते दाखवते. दुःख त्याला कोणी नव्याने देत नाही. जे आधीच आहे त्याला पुस्तकात चौकट मिळते की नाही, एवढेच ठरायचे आहे. हिंजवडीच्या मुलाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे, आणि कदाचित अधिक अवघड: ते मूल दाराच्या आत आहे, आणि आत असणे हा त्याचा गुन्हा नाही. त्याला अपराधी न करता बाहेरचा पाऊस दाखवणे, ही चित्रकाराच्या संयमाची खरी कसोटी ठरेल. चिमणीला दुष्ट काढणे सोपे असते. तिचे बाळही खरोखरच ओले आहे, हे काढणे कठीण.

अशा पुस्तकाचे शेवटचे पान काय असावे याबद्दल एक मोह आधीच दिसतो. मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिरा येथे उतरते, तेथे वीज होते आणि ती मुंबईला उजळते. तेव्हा बुडालेल्या घरानंतर लुकलुकणाऱ्या शहराचे चित्र घालावे, असे चित्रकाराला वाटेल. रंगांच्या दृष्टीने तो विरोध परिणामकारक होईल, आणि विकासासाठी कोणीतरी सोसावे लागते असा बोध एकही शब्द न लिहिता त्यातून निघेल. पेटलेला दिवा आतून काढला तर ते पुन्हा चिमणीचे घर होते. बाहेरून, अंधारातल्या डोंगरावरून, एखाद्या न उघडलेल्या दाराच्या फटीएवढा काढला तर तेच पान दुसरे काही बोलू लागते. आणि धरणाकाठच्या शाळेत ते उघडले जाईल तेव्हा खिडकीबाहेर तेच पाणी असेल.